अर्धवटांचे मामा

माझे मामेसासरे जगातल्या सगळ्या संगणकांचे मुख्य अधिकारी झाले असते, तर आजपर्यंत एकही प्रोग्राम वेळेवर पूर्ण झाला नसता. मात्र एकाही अर्धवट प्रोग्रामवर बेवारस पडून राहायची पाळी आली नसती, हे मी छातीठोकपणे सांगतो. उरलेलं, अर्ध्यावर टाकलेलं, कुणी विसरून गेलेलं काही दिसलं की या माणसाच्या चेहऱ्यावर जी चमक येते, ती इतरांच्या चेहऱ्यावर मी फक्त पंगतीत जिलबी येताना पाहिलेली आहे. वसईजवळ होळी नावाच्या गावात त्यांची भाजीची वाडी आहे. तिथे एक तीन पायांची खुर्ची आहे, तिच्यावर दुधीचा वेल चढवून मामा गेली सहा वर्षं चौथा पाय शोधतायत. मामींच्या एका मैत्रिणीने स्वेटरची पाठ विणली आणि नवऱ्याची बदली झाली म्हणून तशीच टाकून गेली, तर मामांनी स्वतः विणकाम शिकून पुढची बाजू केली. पाठ धिप्पाड माणसाची आणि पोट शाळकरी मुलाचं, असा तो स्वेटर दर जानेवारीत ते अभिमानाने घालतात आणि कुणी हसलं तर म्हणतात, "निदान थंडीला फरक कळत नाही."

माझ्या बायकोचे हे सख्खे मामा, म्हणून माझेही मामाच. घराणं खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं, पण मामांनी जन्म काढला टेलिफोन खात्यात केबलचे जोड देण्यात. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडतात. मामा पायथन शिकले. प्रोग्राम लिहायची ती भाषा ते चष्मा कपाळावर आणि पेन्सिल कानावर ठेवून एका जाडजूड पुस्तकावरून शिकले, आणि आजही ते एकाच बोटाने टाइप करतात. हे तेच बोट, ज्याने त्यांनी आयुष्यभर फोन फिरवले, त्यामुळे त्याचा वेग माझ्या दहा बोटांच्या जरा पुढेच आहे.

शिकले ते एका कामासाठी. खाडीकाठची भातशेतं बांधाच्या आड असतात आणि बांधाला लाकडी दार असतं. भरती यायच्या आधी ते लावायचं, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी सोडायचं. लावायला उशीर झाला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग ती जमीन दोन-तीन वर्षं तोंड फिरवून बसते. पूर्वी घरोघरी भरतीची वेळ सांगणारे म्हातारे होते. ते गेले, मुलं नोकऱ्यांना लागली, आणि दाराशी उभं राहायला उरल्या घरच्या बायका. त्यांच्यासाठी मामांनी भरतीच्या तासभर आधी फोनवर घंटा वाजवणारं एक अ‍ॅप लिहिलं, त्याचं नाव 'भरती' ठेवलं, आणि त्याचा कोड सगळ्या जगाला खुला केला. कुणीही बघावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मी वसईतल्या एव्हरशाईन सिटीत राहणारा पगारी प्रोग्रामर, तेव्हा घरचा जावई म्हणून दुसरा राखणदार मी. कुठलाही बदल आत घ्यायचा तर आम्हा दोघांची मान्यता लागते. जोड एकाने द्यायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, ही मामांची केबलच्या खड्ड्यातली शिस्त.

आणि मग गेल्या फेब्रुवारीत विरारच्या एका कॉलेजात हॅकेथॉन झालं. हॅकेथॉन म्हणजे पोरापोरींना दोन दिवस एका हॉलमध्ये कोंडायचं, पिझ्झा घालायचा आणि प्रोग्राम लिहून घ्यायचे. चार बदल पाठवेल त्याला टी-शर्ट, असं कुणीतरी जाहीर केलं आणि सरावासाठी आमचं अ‍ॅप पुढे केलं. बाहेरच्या माणसाने लिहिलेला बदल आमच्या दारात येऊन थांबतो आणि 'आत घ्या' म्हणतो, त्याला आम्ही विनंती म्हणतो. सोमवारी सकाळी कॉलेजचा हॉल रिकामा होता आणि आमच्या दारात त्रेपन्न विनंत्या उभ्या होत्या. अकरा जणांनी फक्त स्वतःचं नाव घातलं होतं. एकाने सगळं अ‍ॅप गुलाबी करून टाकलं होतं. एकीने गुजराती भाषांतर बुधवारपर्यंत आणून सोडलं होतं, म्हणजे गुजरातीत आमचा आठवडा बुधवारी संपत होता. एकाने पूर्ण भरतीच्या क्षणी उडी मारणारा डॉल्फिन घातला होता, तो उडी मारून नेमका वेळेच्या आकड्यांवर जाऊन बसायचा. आणि एका फाइलच्या ऐन मध्यात, ओळ तोडून, लिहिलं होतं, 'जेवून येतो.' तो अजून जेवतोय.

मी म्हटलं, मामा, एक बटण दाबतो आणि सगळ्या बंद करून टाकतो, ज्यांनी लिहिलं ते टी-शर्ट घालून कधीच घरी गेले. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांच्या वाडीत बैल सोडायचं म्हणालो होतो. "बाजारातून परत आलेली भाजीसुद्धा निवडून बघतात, जावईबापू," ते म्हणाले, आणि वाडीच्या हिशेबाची तपकिरी वही काढून पहिल्या विनंतीपासून सुरुवात केली. एक पूर्ण वाचून झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. वहीत शेरे यायला लागले: 'बी बरं, पाणी कमी.' 'नुसती पानं.' 'मूळ धरलंय, हलवू नये.' त्या गुलाबी रंगाला शेरा मिळाला 'खतात चालेल', आणि पंधरा दिवसांनी बघतो तर ओहोटीच्या वेळा फिक्या गुलाबी झालेल्या. डॉल्फिनची उडी काढली, डॉल्फिन ठेवला. तो आता कोपऱ्यात शांत बसून असतो आणि भरती पूर्ण झाली की फक्त मान हलवतो. एकदा मी घाईत एका विनंतीखाली 'नंतर बघू' असं लिहिलं. दहा मिनिटांत फोन. "आत्ता बघा, नाहीतर नाही म्हणा. नंतर बघू हे आपल्याकडे लिहायचं नाही." आवाज असा होता की मी पुढे काही विचारलं नाही. टेलिफोन खात्यातला कसला तरी जुना राग असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खरी गंमत नाकारलेल्या विनंत्यांची. मामांच्या घरचा रिवाज असा, की कुणाचाही डबा रिकामा परत द्यायचा नाही. दोन मिरच्या का होईना, घालून द्यायच्या. हा रिवाज मामांनी सरळ कोडला लावला. विनंती परत करायची तर तिच्यात काहीतरी घालून, म्हणजे कुठे चुकलं ते सांगून, पुढचं पाऊल दाखवून, आणि पाठवणारा वसई-विरारच्या हद्दीत सापडला तर स्कूटरवरून स्वतः जाऊन, पालेभाजीच्या जुडीसकट. एकदा माझ्याच शेजारच्या बिल्डिंगमध्ये हे उगवले. दार उघडणाऱ्या बाईंना म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांचं अर्धं काम आमच्याकडे राहिलंय." त्या बाई साताऱ्याकडच्या. त्यांनी कसलं काम हेसुद्धा विचारलं नाही. "घरातपण असंच करतो बघा, अर्धी भाकरी टाकून उठतो," म्हणत त्यांनी पोराला आंघोळीतून बाहेर काढलं, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपपुढे बसवलं आणि मागे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तासाभरात त्याचं काम पुरं झालं, इतकं सुबक की मी ते डोळे मिटून मान्य केलं. निघताना बाईंनी मामांच्या पिशवीत थालीपिठाच्या भाजणीचा डबा टाकला. झालं. तो डबा मामांनी केळी घालून परत केला, त्यांनी पिशवीत दुसरा घातला, आणि होळी ते एव्हरशाईन अशी ती ये-जा आजतागायत चालू आहे.

इथवर मी हसत होतो. पण मे महिना उजाडला तरी एकोणीस विनंत्या शिल्लकच, आणि रोज सकाळी संगणक उघडला की तो एकोणीसचा आकडा माझ्याकडे टक लावून बघायचा. मला तो बघवेना. मामा-मामी एका लग्नाला आठ दिवस पुण्याला गेले, तेवढ्यात मी एक बॉट लावला. बॉट म्हणजे आपोआप काम करणारा कारकून. ज्या विनंतीवर महिनाभर कुणी बोललेलं नाही, तिला नम्र इंग्रजीत निरोप देऊन दार बंद करायचं, एवढंच त्याचं काम. एका मिनिटात एकोणीस दारं बंद झाली. घर झाडून काढल्यासारखं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मामा परत आले. फोन नाही, निरोप नाही. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी हाती आमचा डबा आला, ज्यातून बायकोने त्यांना खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, डबा उलटा करून पाहिला. स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला, आणि रिकामा. "काय केलंत तुम्ही?" ती मला म्हणाली. तिच्या आजोळी भांडणात तोंडं फिरवलेल्या माणसांनासुद्धा डब्यातून गुळाचा खडा गेलेला आहे. रिकामा डबा त्या घरातून बाहेर पडलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. मी बॉटचं सांगितलं. तो डबा तिने ओट्यावर मला दिसेल असा ठेवून दिला, आणि पुढचे दोन महिने मी चहा करताना त्याच्याकडे बघत राहिलो.

जुलैच्या मध्यावर मामांचा फोन आला, आणि तो समेटासाठी नव्हता. ज्या संकेतस्थळावरून आमचं अ‍ॅप भरतीचा तक्ता उचलायचं, ते बंद पडलं होतं. घंटा मुकी झाली होती. आठ दिवसांवर अमावास्येनंतरचं मोठं उधाण, शेतात रोपं नुकतीच लावून झालेली, आणि मामांच्या चुलत वहिनी बांधाच्या दाराशी जातात त्या फोन वाजला की. "कॅलेंडरवर वेळा असतात की," मी म्हटलं. "त्या एका बंदराच्या," मामा म्हणाले. "खाडीत पाणी वळणावळणाने उशिरा चढतं, प्रत्येक दाराची वेळ निराळी. त्या तक्त्यात ती होती." मी हिशेब केला, भरतीचं गणित पहिल्यापासून नीट लिहायचं तर मला तीन आठवडे हवे होते. मग मामा म्हणाले, "तुमच्या मशीनने बंद केलेल्या त्या एकोणीस उघडा. आणि इकडे या."

रविवार होता. वाडीतल्या पडवीत आम्ही दोघं एका पडद्यापुढे बसलो आणि मामांनी क्रमाने वाचायला घेतलं. अकरावी विनंती कुणा 'सुरमई०७'ची होती. ती मी फेब्रुवारीतच वरवर पाहून मनातल्या मनात केराच्या टोपलीत टाकली होती, कारण तिच्यात कुठलंही कारण न देता तिथीला शून्य दशांश पंचाहत्तरने, म्हणजे पाऊणने, गुणून येईल तीच भरतीची वेळ धरली होती. खाली एकच ओळ: 'आजोबा बोलतात बरोबर येतं.' त्याखाली गावांची यादी, प्रत्येकापुढे किती मिनिटं आधी किंवा उशिरा ते. पहिलं राजोडी, त्यापुढे आकडा होता. खाडीतल्या गावांपुढे जागा कोरी, आणि लिहिलं होतं, 'विचारून टाकते.' मी थट्टेच्या सुरात म्हटलं, चला, बंदराच्या गेल्या वर्षीच्या साठवलेल्या वेळांशी ताडून तर बघू. ताडलं. पहिला दिवस जुळला. दुसरा जुळला. महिना जुळला. बहुतेक दिवस फरक अर्ध्या तासाच्या आत, आणि आमची घंटा तासभर आधीच वाजते. तीन आठवड्यांचं गणित एका पोरीने एका गुणाकारात टी-शर्टासाठी लिहिलं होतं आणि माझ्या कारकुनाने तिला नम्र इंग्रजीत हाकलून दिलं होतं. "जावईबापू," मामा उठत म्हणाले, "लाल माठाच्या दोन जुड्या बांधा."

पत्ता नाही, नाव नाही, फोटोच्या जागी मासा. यादीतलं पहिलं गाव म्हणून आम्ही राजोडी गाठली आणि मामांनी किनाऱ्यालगतच्या पहिल्याच घराशी विचारलं, "इथे कोणाची नात कॉम्प्युटर शिकते?" निम्म्या गावाच्या नाती कॉम्प्युटर शिकत होत्या. आम्ही सात घरं फिरलो, पाच ठिकाणी चहा झाला, आणि एका घरी मामांनी जाता जाता कुणाचं तरी वाय-फाय नीट करून दिलं. आठव्या अंगणात एक म्हातारे जाळं शिवत बसले होते. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा हेच काम. त्यांच्या बाजूला लॅपटॉप मांडीवर घेतलेली मुलगी, आणि तिच्या अंगावर हॅकेथॉनचा टी-शर्ट. मामा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हरवलेलं माणूस सापडावं तशा सुरात म्हणाले, "सुरमई?"

मुलगी लाजून अर्धी झाली. "अंकल, ते मी असंच केलेलं. मग क्लोज्ड आलं ना, मला वाटलं फुल रॉन्ग असणार. डिलीटच करणार होते." मी म्हटलं, ते बंद मी केलं, म्हणजे माझ्या मशीनने केलं, आणि ते चुकलं. आजोबांनी जाळ्यातून मान वर केली. "पानी काय मशीनला विचारून येते?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा गाठ मारायला लागले. मामांनी खाडीतल्या दारांची अडचण सांगितली. आजोबांनी जाळं बाजूला ठेवलं. "खाडीत पानी दमानं शिरते. तुमच्या तिकडं पाऊन घंटा मागं धरायचा." मग डोळे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, पुटपुटत त्यांनी एकेक गाव सांगितलं, आणि नात भराभर कोऱ्या जागा भरत गेली. मी तिच्या पडद्याकडे बघत होतो. मामा त्या अंगठ्याकडे बघत होते.

परतताना मामांनी स्कूटरला किल्ली लावली, पण चालू केली नाही. "बाबा असंच करायचे," ते म्हणाले. "बांधावर उभे राहून, पेरांवर. मला वाटायचं देवाचं काहीतरी म्हणतायत. मी नोकरीला लागलो त्या पावसात म्हणाले, बस, तुला शिकवतो. मी म्हटलं, नंतर बघू." मग त्यांनी स्कूटर चालू केली. टेलिफोन खात्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पुढचे चार दिवस जे काम झालं, तसं मी पगारासाठी कधी केलेलं नाही. मुलगी राजोडीहून, मी एव्हरशाईनमधून, मामा एका बोटाने होळीहून. तिच्या कोडचे नाक-डोळे मी नीट केले, तिने माझ्या दोन चुका काढल्या, मामांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून तपासली. उधाणाच्या दिवशी मी रजा टाकून मामांबरोबर बांधावर गेलो. द्वितीया. दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड, त्यात खाडीचा पाऊण तास, म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनला. सव्वा वाजता वहिनींच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. वहिनींनी पदर खोचला, दार खाली सोडलं, फटीत चिखल लिंपला. आणि मग आम्ही तिघं उभे. खाडी गढूळ, संथ, काही घडणार नाही अशी. पावणेदोनला पाणी दाराच्या पायाशी आलं. दोनला अर्ध्यावर. मॅचच्या शेवटच्या षटकात स्कोअर बघावा तसा मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. सव्वादोनला पाणी जुन्या खुणेला टेकलं, तिथेच थोडं डुचमळलं, आणि मामांच्या फोनवर कोपऱ्यातल्या डॉल्फिनने मान हलवली. बांधाच्या आत रोपं गोड्या पाण्यात हिरवीगार उभी होती. "राहिलं पानी भायेर," वहिनी म्हणाल्या आणि फोन पुन्हा कमरेला खोचून घरी स्वयंपाकाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा तो डबा घेऊन मीच होळीला गेलो, म्हणजे बायकोने पाठवला, शेवयांची खीर भरून. तो येताना अळूच्या वड्यांनी भरून आला. बॉट मी त्याच दिवशी काढून टाकला. राहिलेल्या आठ विनंत्या अजून उघड्या आहेत, 'जेवून येतो' म्हणणाऱ्याचीसुद्धा, आणि मामा रोज सकाळी त्याची चौकशी करतात.

त्याच दिवशी दुपारी माझ्याकडे मान्यतेसाठी मामांचा एक छोटा बदल आला. ज्यांच्या कामावर अ‍ॅप उभं आहे त्यांच्या नावांची यादी आम्ही ठेवतो, त्यात मामांनी तीन नावं घातली होती. पहिलं त्या मुलीचं, दुसरं तिच्या आजोबांचं, आणि तिसरं त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं, ज्यांनी आयुष्यात संगणक पाहिला नव्हता. बदलाचं कारण लिहायच्या जागी मामांनी एका बोटाने लिहिलं होतं, 'माझ्याकडे पडून राहिलं होतं. आज आत घेतलं. उशीर झाला, बाबा.' आमच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने तपासायचं असतं. मी तीनदा वाचलं आणि मान्य केलं.